पॅसिव्ह व्हॉइस समजून घेताना

‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य मराठीच्या तासाला कर्मणी प्रयोगाचे उदाहरण म्हणून फळ्यावर येते. पुढचा तास इंग्रजीचा असतो. तिथे तेच वाक्य ‘राम एट अ मँगो’ होते आणि शिक्षक सांगतात, हा ॲक्टिव्ह व्हॉइस. मुले दोन्ही गोष्टी दोन वह्यांत मुकाट्याने उतरवून घेतात. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, असे त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेले असते. मग एकच वाक्य एका तासाला कर्मणी आणि दुसऱ्या तासाला ॲक्टिव्ह कसे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही; विचारलाच तर ‘नियम पाठ कर’ एवढे उत्तर मिळते. पॅसिव्ह व्हॉइसबद्दलचा जो गोंधळ पदवी घेतल्यावरही आपल्याकडे टिकून राहतो, त्याचे मूळ माझ्या मते या न विचारलेल्या प्रश्नात आहे. म्हणून या पुस्तकाची सुरुवात इंग्रजीपासून न करता मराठीपासून केली आहे.

मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते यावर. रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले, चार आंबे खाल्ले. राम तोच आहे, पण क्रियापद आंब्याच्या, पोळीच्या, केळ्याच्या मागून जाते. म्हणून हा कर्मणी. ‘रामाने रावणाला मारले’ यात ते कोणाच्याच मागे जात नाही. म्हणून तो भावे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 साली आले आणि मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. या काळात आपल्या व्याकरणकारांनी प्रयोगांचा कसून विचार केला आणि मराठीपुरती ती चौकट आजही कामाची आहे. पण ‘रामाने आंबा खाल्ला’ असे म्हणताना आपण बोलतो ते रामाबद्दल. रामाचे महत्त्व जराही कमी झालेले नसते आणि तो वाक्यातून गाळताही येत नाही. नुसते ‘आंबा खाल्ला’ म्हटले तर ऐकणारा लगेच विचारतो, कोणी? इंग्रजी पॅसिव्हमध्ये नेमके उलटे असते. तिथे कर्त्याला गाळता यावे म्हणूनच ती रचना असते.

मग नाव एकच कसे पडले? त्याला इतिहास आहे. संस्कृतातले ‘रामेण फलं खादितम्’ हे खरेखुरे कर्मणी होते. फळ प्रथमेत, राम तृतीयेत, आणि क्रिया सांगायला धातुसाधित. मराठीचा भूतकाळ याच वाटेने आला. तृतीयेचे काम ‘ने’ने घेतले, धातुसाधिताची ‘खाल्ला’, ‘केला’, ‘लिहिले’ अशी भूतकाळाची रूपे झाली, आणि पिढ्यानपिढ्यांच्या वापरात कर्मणी अर्थ झिजून गेला. सांगाडा राहिला आणि त्या सांगाड्याला जुने नावही राहिले. मराठी व्याकरणाची यात काही चूक नाही. ते नाव जसेच्या तसे उचलून इंग्रजीच्या ‘पॅसिव्ह’वर चिकटवले, तिथे घोटाळा झाला.

‘ने’ या एका प्रत्ययाचा त्रास वेगळाच आहे. ‘भाजी आईने चिरली’ आणि ‘भाजी सुरीने चिरली’ या दोन्ही वाक्यांत ‘ने’ आहे, पण आई कर्ता आहे आणि सुरी साधन. इंग्रजीत आईसाठी ‘बाय’ आणि सुरीसाठी ‘विथ’ लागतो. ‘कट बाय अ नाइफ’ असे जे सर्रास लिहिले जाते, ते या ‘ने’मुळे. आणि ‘मला माहीत असलेला’ याचे ‘नोन बाय मी’ होते, तिथे इंग्रजी बहुतेक वेळा ‘नोन टू मी’ म्हणते. ‘सरप्राइज्ड ॲट’, ‘फिल्ड विथ’, ‘इंटरेस्टेड इन’ या जोड्या वाचनातूनच अंगवळणी पडतात. त्यांना एका नियमात कोंबण्याचा प्रयत्न मी केलेला नाही.

इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणाऱ्या रचना मराठीत आहेतच. चोर पकडला गेला, सूचना देण्यात आली, पाणीपट्टी वाढवण्यात येणार आहे. जुन्या मराठीत ‘कीजे’, ‘बोलिजे’ अशी स्वतंत्र कर्मणी रूपे होती, ती केव्हाच मागे पडली. ‘पोलिसांकडून चोर पकडला गेला’ ही धाटणी शालेय व्याकरणे ‘नवीन कर्मणी’ म्हणून इंग्रजीच्या धर्तीवरची मानतात, आणि वर्तमानपत्रे व सरकारी परिपत्रके सोडली तर ती फारशी कानावर येत नाही. घरात कोणी ‘माझ्याकडून चहा केला गेला’ असे म्हणत नाही.

बोलण्यात तिची गरज पडत नाही, कारण मराठीने दुसरी सोय करून ठेवली आहे. फोडणे आणि फुटणे, तोडणे आणि तुटणे, पाडणे आणि पडणे, सोडणे आणि सुटणे, जाळणे आणि जळणे, गाळणे आणि गळणे. कोणी केले ते सांगायचे नसेल तेव्हा आपण जोडीतले दुसरे क्रियापद उचलतो. काच फुटली, दोरी तुटली, भिंत पडली. याशिवाय सापडणे, दिसणे, मिळणे, ऐकू येणे ही क्रियापदे आहेत, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे नामाला ‘होणे’ जोडायची पद्धत: बदली झाली, निवड झाली, अटक झाली, सामना रद्द झाला. यांतले एकही वाक्य कर्मणी नाही. ही सगळी साधी, अकर्मक वाक्ये आहेत.

आता त्यांचे इंग्रजी करून पाहा. ‘फाइल सापडली’ म्हणजे ‘द फाइल वॉज फाउंड’. ‘फाइंड’ला कर्म लागतेच, शोधणाऱ्याला वाक्यात आणायचे नसेल तर पॅसिव्हशिवाय गत्यंतर नाही. ‘तिची नागपूरला बदली झाली’ म्हणजे ‘शी वॉज ट्रान्सफर्ड टू नागपूर’. ‘त्याची संघात निवड झाली’ म्हणजे ‘ही वॉज सिलेक्टेड फॉर द टीम’. ‘दोघांना अटक झाली’ म्हणजे ‘टू मेन वर अरेस्टेड’. ‘आजोबांचा जन्म साताऱ्याला झाला’ म्हणजे ‘ग्रँडफादर वॉज बॉर्न इन सातारा’. विद्यार्थी पॅसिव्ह शोधायला ‘रामाने आंबा खाल्ला’कडे जातो, आणि इंग्रजीला ज्या ठिकाणी पॅसिव्ह हवा असतो ती ठिकाणे मात्र त्याच्या रोजच्या ‘झाले’, ‘सापडले’, ‘मिळाले’मध्ये असतात. या पुस्तकातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवावी, असे मी म्हणेन. मराठी बोलणाऱ्याला पॅसिव्हची वाट याच ‘झाले’तून सापडते.

त्याच ‘झाले’ने उलटी चूकही होते. ‘निवड झाली’चे ‘वॉज सिलेक्टेड’ होते हे एकदा डोक्यात बसले की ‘अपघात झाला’चे ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ होते. ही चूक बातम्यांच्या मसुद्यांत, विम्याच्या अर्जांत, नोकरीच्या मुलाखतीत, सगळीकडे भेटते. ‘हॅपन’, ‘ऑकर’, ‘अराइव्ह’, ‘डिसअपिअर’, ‘डाय’ या क्रियापदांना कर्मच नसते. कर्म नाही तर पुढे आणणार कोणाला? ‘ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड’ एवढेच बरोबर. म्हणून शंका आली की मराठी वाक्य बाजूला ठेवावे आणि इंग्रजी क्रियापदाकडे पाहावे. त्याला कर्म लागते का? चांगल्या शब्दकोशात सकर्मक-अकर्मक हे प्रत्येक क्रियापदापुढे नोंदलेले असते, आणि ती खूण पाहण्याची सवय कोणत्याही कोष्टकापेक्षा जास्त उपयोगी पडते. थोडी क्रियापदे कर्म असूनही पॅसिव्ह होत नाहीत: ‘हॅव’, ‘लॅक’, ‘रिझेंबल’, ‘कॉस्ट’, ‘सूट’. त्यांत कोणी कोणावर काही करत नसते, नुसती स्थिती असते.

रचनेचे गणित त्या मानाने सोपे आहे. ‘बी’चे योग्य रूप आणि क्रियापदाचे पास्ट पार्टिसिपल. काळ दाखवायचे सगळे काम ‘बी’कडे, पार्टिसिपल जागचे हलत नाही. ‘इज रिटन’, ‘वॉज रिटन’, ‘हॅज बीन रिटन’, ‘विल बी रिटन’, ‘इज बीइंग रिटन’, ‘मस्ट बी रिटन’. हे तोंडात बसले की बारा काळांचे कोष्टक भिंतीवर लावण्याची गरज उरत नाही. ‘हॅज बीन बीइंग रिटन’सारखी रूपे नियमाने तयार होतात, पण इंग्रजी लिहिणारे ती जवळजवळ वापरत नाहीत. मी ती कोष्टकातून वगळली आहेत. काही शिक्षकांना हे खटकेल, पण जे कोणी बोलत नाही त्याचा सराव मुलांकडून करून घेण्यात वेळ घालवू नये, असे माझे ठाम मत आहे.

‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप आज अगदी साधे वाटते, पण इंग्रजीच्या मानाने ते नवे आहे. 18व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ‘द हाउस इज बिल्डिंग’ असे म्हणत, आणि अर्थ ‘घर बांधले जात आहे’ असाच होता. जेन ऑस्टिनच्या काळातही ती जुनी धाटणी चालू होती. नवे रूप आले तेव्हा अनेक जाणकारांना ते ओबडधोबड वाटले. अमेरिकन लेखक रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी 1870 सालच्या ‘वर्ड्स अँड देअर यूझेस’ या पुस्तकात त्याच्यावर कडाडून हल्ला केला. भाषेने त्यांचे ऐकले नाही. आज ‘रस्त्याची दुरुस्ती चालू आहे’ हे सांगायला ‘द रोड इज बीइंग रिपेअर्ड’ याहून सोपे काही नाही.

पार्टिसिपलच्या बाबतीत मात्र पाठांतराला पर्याय नाही. ‘कट’, ‘पुट’, ‘हिट’ बदलत नाहीत, ‘राइट’चे ‘रिटन’ होते, ‘टीच’चे ‘टॉट’ होते. यातले एक उदाहरण मुद्दाम देतो, कारण ते आपल्याकडच्या संस्थांच्या माहितीपत्रकांत वारंवार चुकते. ‘फाइंड’, म्हणजे शोधणे, याचे पार्टिसिपल ‘फाउंड’. आणि ‘फाउंड’, म्हणजे स्थापन करणे, हे वेगळे क्रियापद आहे. त्याचे पार्टिसिपल ‘फाउंडेड’. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज 1885 साली ‘वॉज फाउंडेड’. ते ‘वॉज फाउंड’ लिहिले तर कॉलेज हरवले होते आणि त्या वर्षी सापडले असा अर्थ होतो. तसेच ‘लुक आफ्टर’, ‘लाफ ॲट’ अशा क्रियापदांचे शेपूट पॅसिव्हमध्ये तोडू नये: ‘द चाइल्ड वॉज लुक्ड आफ्टर’. ‘आफ्टर’ गाळले तर वाक्य लंगडे पडते.

रचना आली म्हणजे पॅसिव्ह आला, असे मात्र नाही. तो कधी वापरायचा हा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी भारताच्या राज्यघटनेइतका चांगला पाठ मला दुसरा सापडलेला नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. घटनेचा इंग्रजी मजकूर समोर ठेवून नुसत्या क्रियापदांवर बोट फिरवत गेले तरी व्हॉइसची निवड काय करू शकते ते कळते. उद्देशिकेचे वाक्य ॲक्टिव्ह आहे. कर्ता अगदी आरंभी, ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया’, आणि क्रियापदे पार शेवटी, ‘अडॉप्ट’, ‘इनॅक्ट’ आणि ‘गिव्ह’. हे संविधान कोण देते आहे, हेच तिथे सांगायचे होते. राजा देत नाही, ब्रिटनची संसद देत नाही; लोक स्वतःला देत आहेत. इथे पॅसिव्ह वापरला असता तर वाक्याचा प्राणच गेला असता.

अनुच्छेद 14 सुद्धा ॲक्टिव्ह आहे. कर्ता आहे ‘द स्टेट’, आणि त्याने कायद्यापुढील समानता कोणालाही नाकारायची नाही. बंधन कोणावर आहे ते कर्त्याचे नाव घेऊन सांगितले आहे. तिथून अनुच्छेद 17 वर या. संविधान सभेने 29 नोव्हेंबर 1948 रोजी तो स्वीकारला. वाक्य अस्पृश्यतेपासून सुरू होते आणि क्रियापदे आहेत ‘इज अबॉलिश्ड’ आणि ‘इज फॉरबिडन’. ‘बाय’ कुठेही नाही. घटनेच्या मराठी आवृत्तीतही ‘नष्ट करण्यात आली आहे’ अशीच रचना आहे.

आता हेच ॲक्टिव्ह करून पाहा. ‘द स्टेट शॅल अबॉलिश अनटचेबिलिटी’. व्याकरणात खोट नाही, पण दोन गोष्टी हातच्या गेल्या. एक, ‘शॅल अबॉलिश’ हे पुढे कधीतरी पाळायचे वचन झाले. ‘इज अबॉलिश्ड’मध्ये वचन नाही, संविधान लागू होण्याच्या क्षणीच ती गोष्ट झालेली आहे. दुसरे, कर्ता सांगितला की वाक्य त्या कर्त्याबद्दल होते आणि नजर राज्यसंस्थेकडे जाते. मूळ वाक्यात नजर अस्पृश्यतेवरून हलत नाही. तिचे आचरण कोणी करायचे नाही, हे नाव घेऊन सांगितलेले नाही, म्हणून त्यातून कोणी सुटत नाही: सरकारी कचेरी नाही, देवस्थान नाही, पाणवठ्यावर उभा असलेला गावकरीही नाही. अनुच्छेद 21 असाच वाचावा. ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ड’ अशी सुरुवात आहे. ज्याचे जीवित आणि स्वातंत्र्य राखायचे तो माणूस वाक्याच्या अग्रभागी आहे, आणि ते हिरावू पाहणाऱ्याचे नाव नाही. चार ठिकाणी चार वाक्ये, दोन ॲक्टिव्ह आणि दोन पॅसिव्ह. यांतल्या एकाचाही व्हॉइस बदलून पाहिला तर नुकसान होते. वर्गात हा पाठ घेताना मुलांना मी हे नुकसान शोधायला लावतो. तेवढ्या एका तासात पॅसिव्हबद्दल जे कळते ते उलटासुलट करण्याच्या पन्नास वाक्यांतून कळत नाही.

म्हणजे प्रश्न असा विचारायचा: हे वाक्य कोणाबद्दल आहे? ज्याच्याबद्दल आहे तो सुरुवातीला यावा. तो क्रिया करणारा असेल तर ॲक्टिव्ह, त्याच्यावर क्रिया होत असेल तर पॅसिव्ह. परिच्छेद एका पुलाबद्दल चालला असेल तर पुढचे वाक्यही पुलापासून सुरू करणे वाचणाऱ्याला सोयीचे जाते: तो कधी बांधला गेला, कधी खचला, कधी बंद करण्यात आला. प्रत्येक वाक्यात नवा कंत्राटदार, नवा अभियंता आणि नवा महापौर कर्ता म्हणून आणला तर वाचणारा पुलाला विसरतो.

कर्ता ‘बाय’ लावून सांगायचाच असतो, हा आपल्याकडचा आणखी एक समज. तो परीक्षेने रुजवला आहे. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली इंग्रजीचे जे बृहद् व्याकरण प्रसिद्ध केले, त्यात इंग्रजीतल्या सुमारे पाचांपैकी चार पॅसिव्ह वाक्यांत कर्ता सांगितलेलाच नसतो, असे नोंदवले आहे. आपल्या सराववह्यांत मात्र पाचच्या पाच वाक्यांना ‘बाय’चे शेपूट असते. ‘द थीफ वॉज अरेस्टेड बाय द पोलीस’ असे लिहिले की मुलाला गुण मिळतात. पण अटक पोलीसच करतात, हे कोणाला सांगायला हवे? कर्ता नवा असेल, अनपेक्षित असेल, किंवा त्याच्यावर भर द्यायचा असेल, तर ‘बाय’ घालावा. एरवी पूर्णविराम द्यावा.

पॅसिव्हला शिव्या देणाऱ्यांचीही एक परंपरा आहे, आणि ती आपल्याकडे संगणकातून आली. लिहिताना वाक्याखाली रेघ उमटते, पॅसिव्ह टाळा अशी सूचना येते, आणि विद्यार्थी घाबरून वाक्य उलटे करतो. या सूचनेमागे दोन प्रसिद्ध नावे आहेत. विल्यम स्ट्रंक यांचे ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ 1918 साली निघाले; 1959 साली ई. बी. व्हाइट यांनी ते वाढवले आणि ते अमेरिकेत घरोघरी पोहोचले. जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 सालच्या ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ या निबंधात, ॲक्टिव्ह चालत असेल तिथे पॅसिव्ह वापरू नये, असा नियमच घालून दिला. ऑर्वेल यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे आणि सत्तेच्या बनावट भाषेवरचा त्यांचा राग रास्त आहे. पण त्याच निबंधात त्यांनी स्वतः पॅसिव्ह भरपूर वापरला आहे, आणि वापरला आहे तिथे तो शोभतो. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी 2014 सालच्या एका लेखात हे सगळे प्रकरण तपासले. स्ट्रंक आणि व्हाइट यांनी सुधारून दाखवलेल्या चार वाक्यांपैकी तीन मुळात पॅसिव्ह नव्हतीच, हे त्यांनी दाखवून दिले आहे. मोठमोठ्या लेखकांनाही पॅसिव्ह नेमका ओळखता येत नसेल, तर आपल्या विद्यार्थ्याने न्यूनगंड बाळगायचे कारण नाही.

जबाबदारी झटकायला पॅसिव्ह वापरला जातो, हे खरे आहे. अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी 1876 सालच्या संदेशात आपल्या कारकिर्दीतल्या चुकांचा उल्लेख पॅसिव्हमध्ये केला आणि रोनाल्ड रेगन यांनी 1987 साली इराण प्रकरणातल्या चुकांबद्दल बोलताना तीच वाट धरली. चुका झाल्या; कोणी केल्या ते वाक्यात नाही. पण नीट पाहा, मी आत्ता मराठीत ‘चुका झाल्या’ म्हटले, आणि त्यात पॅसिव्ह नाही. ‘काच फुटली’ म्हणणारा मुलगाही पॅसिव्ह वापरत नाही. लपायचे असेल त्याला कोणतीही भाषा आणि कोणतीही रचना जागा देते. दोष लपणाऱ्याचा आहे. ‘निधी वळवण्यात आला’ असे वाक्य दिसले की ‘कोणी?’ असे विचारायला मुलांना शिकवावे. पॅसिव्ह ओळखता येणे हे त्यासाठीच नागरिकाच्या कामाचे आहे.

तो कुठे किती वापरला जातो याचा अंदाज असावा. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या लॉन्गमन व्याकरणात प्रत्यक्ष वापराची मोजदाद आहे: संभाषणात काळ दाखवणाऱ्या क्रियापदांपैकी सुमारे 2 टक्के पॅसिव्ह असतात, विद्वत्तापूर्ण लेखनात सुमारे 25 टक्के. मित्राशी बोलताना पॅसिव्ह फार आला तर बोलणे कृत्रिम वाटते. प्रयोगवहीत तो आला नाही तर वही विचित्र वाटते. वर्तमानपत्र या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि तिथे एक वेगळी अडचण असते. मथळ्यात ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ अशी ‘बी’ची रूपे गाळतात. ‘थ्री हेल्ड’ म्हणजे तिघांना पकडले. तिघांनी काही पकडले असे नव्हे. ‘फार्मर फाउंड डेड’ म्हणजे शेतकरी मृतावस्थेत आढळला. ‘फेअर्स टू बी हाइक्ड’ म्हणजे भाडेवाढ होणार. मथळे वाचता न येणारा विद्यार्थी इंग्रजी वर्तमानपत्र दोन दिवसांत सोडून देतो, म्हणून त्यांना एक पूर्ण प्रकरण दिले आहे.

राहता राहिला ‘चेंज द व्हॉइस’ हा प्रश्न. ‘रेन अँड मार्टिन’च्या व्याकरणावर आपल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. त्यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि पुढे ‘बो जेस्ट’ या कादंबरीमुळे जगभर गाजले. त्या पुस्तकाने शिस्त शिकवली, हे ऋण मोठे आहे. पण व्हॉइस म्हणजे वाक्य उलटे करण्याची कसरत, ही समजूत आपल्या परीक्षांनी इतकी घट्ट केली की ‘क्लोज द डोअर’चे ‘लेट द डोअर बी क्लोज्ड’ करणारा मुलगा ते वाक्य इंग्रजीत कोणी म्हणते का, हे विचारतही नाही. जवळजवळ कोणीच म्हणत नाही. उलटे केले तरी अर्थ तोच राहतो, हेही नेहमी खरे नसते. नोम चॉम्स्की यांनी 1957 साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’मध्ये याकडे लक्ष वेधले होते. ‘एव्हरी स्टुडंट रेड टू बुक्स’ म्हणजे प्रत्येकाने दोन पुस्तके वाचली, कोणती ते ज्याचे त्याला ठाऊक. ‘टू बुक्स वर रेड बाय एव्हरी स्टुडंट’ म्हटले की सगळ्यांनी तीच दोन पुस्तके वाचली, असा अर्थ पुढे येतो. स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्यांची गरज मला कळते. त्यांच्यासाठी परीक्षेत येणारी सगळी रूपे, ‘लेट’वाली धरून, परिशिष्टात दिली आहेत. ती परीक्षेपुरती पाठ करावीत आणि पत्र लिहिताना विसरावीत.

पुस्तक कसे वाचावे, याबद्दल थोडे. पहिली दोन प्रकरणे मराठीवर आहेत. इंग्रजी शिकायचे आहे म्हणून ती ओलांडून पुढे जाऊ नये. रचनेच्या प्रकरणातला सराव मोठ्याने बोलून करावा, कारण ‘हॅज बीन’ आणि ‘इज बीइंग’ यांतला फरक जिभेला आधी कळतो. त्या सरावाची उत्तरे शेवटी छापली आहेत. उताऱ्यांच्या प्रकरणाची उत्तरे मात्र मुद्दामच दिलेली नाहीत, कारण तिथे प्रत्येक वाक्य ॲक्टिव्ह असावे की पॅसिव्ह हे लिहिणाऱ्याला काय म्हणायचे आहे त्यावर ठरते, आणि अनेक ठिकाणी दोन्ही उत्तरे बरोबर येतात. शिक्षकांना माझी विनंती आहे की तो सराव तपासताना बरोबर-चूक अशी खूण करू नये. हाच व्हॉइस का घेतला, हे मुलाला विचारावे, आणि त्याने पटेल असे कारण दिले तर पूर्ण गुण द्यावेत.